लोखंड गाभ्यात उतरलं, मग वर काय उरलं? पृथ्वीचे थर आणि जीवोत्पत्ती

अभ्रक

पृथ्वीच्या थरांवर पुष्कळ लिहिलेलं सापडतं, जीवाच्या उगमावरही सापडतं, पण दोन्ही एकत्र फारसं नाही. पहिल्या सजीव रेणूंना कच्चा माल कुठून मिळाला, तेव्हा हवा कशी होती, ऊर्जा कशातून आली, हे प्रश्न सोडवायला बसलं की उत्तर दर वेळी पायाखालच्या खडकापाशी येऊन थांबतं. म्हणून हा एकत्र धागा. आधी आकडे देतो, पुढे ते सतत लागतील.

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किमी. भूकवच महासागरांखाली जेमतेम ७ किमी जाडीचं, खंडांखाली ३० ते ४० किमी, आणि उंच पर्वतरांगांखाली ७० किमीपर्यंत. त्याखाली साधारण २८९० किमी खोलीपर्यंत प्रावरण. मग ५१५० किमीपर्यंत द्रव बाह्यगाभा आणि मधोमध सुमारे १२२० किमी त्रिज्येचा घन अंतर्गाभा. आकारमानात गाभ्याचा वाटा सहावा हिस्साही भरत नाही, वस्तुमानात मात्र तो जवळजवळ एक तृतीयांश आहे. गाभा-प्रावरण सीमेवर दाब १३६ गिगापास्कल, केंद्रात ३६४, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या ३६ लाख पट.

आत काहीतरी जड आहे हे भूकंपमापक यायच्या आधीच कळलं होतं. गुरुत्वत्वरण ९.८१, गुरुत्वस्थिरांक आणि त्रिज्या एवढं हाताशी असलं की सरासरी घनता निघते: ३ गुणिले गुरुत्वत्वरण, भागिले ४ पाय गुणिले स्थिरांक गुणिले त्रिज्या. उत्तर घनमीटरला ५५०८ किलो, म्हणजे पाण्याच्या साडेपाच पट. १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिशने ५.४८ हा आकडा दिला होता. पृष्ठभागावरचे खडक २.७ ते ३ पट भरतात, तेव्हा उरलेलं वजन खाली असणार हे उघड आहे. शिवाय एकसारख्या घनतेच्या गोळ्याचा जडत्वाघूर्ण गुणांक (वस्तुमान केंद्रापासून किती लांब पसरलंय याचं माप) ०.४ असतो, पृथ्वीचा ०.३३ आहे. वस्तुमान केंद्राकडे गोळा झाल्याशिवाय तो इतका उतरत नाही.

माझा मुद्दा एवढाच. जीवोत्पत्तीचा कुठलाही सिद्धान्त तपासताना पहिला प्रश्न असा हवा की त्या काळी प्रावरणाची रासायनिक स्थिती काय होती. हवा त्यावर ठरते, समुद्र त्यावर ठरतो आणि समुद्रतळातून काय बाहेर पडतं तेही त्यावरच ठरतं. जाणकारांनी भर घालावी, चूक असेल तिथे दुरुस्त करावं.

भूकंपलेखी

आकडे बरोबर आहेत. ते कसे निघाले हेही इथे असायला हवं, नाहीतर थरांचं चित्र नुसतं पाठ होतं.

भूकंपाच्या दोन लहरी आपल्या कामाच्या. पी लहर दाबाची, ती घन आणि द्रव दोन्हींतून जाते. एस लहर आडव्या हेलकाव्याची, तिला द्रव चालत नाही. जवळच्या भूकंपात पी सेकंदाला साधारण ६ किमी आणि एस साधारण ३.५ किमी वेगाने येते. त्यामुळे दोघींच्या पोहोचण्यातला फरक सेकंदांत मोजून ८.४ ने गुणला की भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. फरक १० सेकंद असेल तर ८४ किमी. हा हिशेब काहीशे किलोमीटरपर्यंतच वापरावा, कारण त्यापुढे लहरी प्रावरणातून येतात आणि वेग बदलतो.

नेमका तोच बदल १९०९ मध्ये आन्द्रिया मोहोरोव्हिचिचने पकडला. क्रोएशियातल्या कुल्पा खोऱ्यातल्या भूकंपाच्या नोंदींत त्याला पी आणि एस लहरींच्या दोन जोड्या दिसल्या: एक जोडी कवचातूनच आलेली, दुसरी खालच्या वेगवान थरातून वळसा घेऊनही आधी पोहोचलेली. कवचाच्या तळाशी पीचा वेग सातच्या आतबाहेरून एकदम आठवर जातो. भूकवच आणि प्रावरण यांच्यातली ती सीमा, मोहो.

गाभ्याची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. भूकंपकेंद्रापासून सुमारे १०४ अंशांपुढे थेट पी आणि एस लहरी मिळेनाशा होतात. पी पुन्हा १४० अंशांच्या आसपास जोरात उमटते, एस थेट येतच नाही. आता सोपं गणित करून पाहा. लहर सरळ रेषेत जाते असं धरलं, तर गाभ्याला घासून जाणाऱ्या रेषेवरून गाभ्याची त्रिज्या येते ६३७१ गुणिले ५२ अंशांची कोज्या, म्हणजे ३९२२ किमी. खरी त्रिज्या ३४८० आहे. साडेचारशे किलोमीटरची चूक कुठून आली? खोलीबरोबर वेग वाढतो, त्यामुळे लहर सरळ न जाता आधी खाली झुकते आणि मग कमानीसारखी वर वळते. तिचा सर्वांत खोल बिंदू सरळ रेषेपेक्षा बराच खाली असतो. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांत कधीकधी लहरी सरळ काढतात, तिथेच हा घोटाळा सुरू होतो.

१९०६ मध्ये ओल्डहॅमने गाभा दाखवला, १९१४ मध्ये गुटेनबर्गने त्याची खोली २९०० किमी काढली, आणि १९२६ मध्ये जेफ्रीजने तो द्रव असल्याचं मांडलं. सीमेवर पीचा वेग १३.७ वरून ८.१ किमीवर कोसळतो, एसचा ७.३ वरून थेट शून्यावर. १९३६ मध्ये इंगे लेमानने छायाक्षेत्रात, म्हणजे थेट लहरी न पोहोचणाऱ्या त्या पट्ट्यात, उमटलेल्या क्षीण पी लहरी नजरेआड केल्या नाहीत. न्यूझीलंडमधल्या मर्चिसनच्या १९२९ च्या भूकंपाच्या नोंदींत त्या होत्या. आत आणखी एक वेगळा गोळा आहे, त्यावरून त्या परावर्तित होतात, असं तिने दाखवलं. तोच अंतर्गाभा.

खोदून पाहायचं म्हटलं तर कोला द्वीपकल्पावरचं विवर १२,२६२ मीटरवर थांबलं. तळाशी १०० अंश सेल्सिअस तापमान अपेक्षित होतं, निघालं १८०. खडक मऊ पडून भोक मिटायला लागलं. त्रिज्येच्या हिशेबात ही खोली ०.२ टक्क्यांहूनही कमी.

नवशिका

दोन शंका. प्रावरण म्हणजे वितळलेला लाव्हा असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं का? आणि ज्वालामुखीतून येणारा शिलारस गाभ्यातून येतो का?

ऑलिव्हीन

दोन्हींचं उत्तर नाही. प्रावरणातून एस लहरी आरपार जातात, म्हणजे ते घन आहे. घन असूनही ते वाहतं, पण वर्षाला काही सेंटिमीटर, नखं वाढतात त्याच गतीने. त्याची विष्यंदिता (वाहण्याला होणारा विरोध) १० चा २१वा घात पास्कल-सेकंद या पातळीची आहे.

शिलारस तयार होतो तो बहुतेक वेळा वरच्या दोन-तीनशे किलोमीटरच्या आत, आणि त्यासाठी जास्तीची उष्णता लागतेच असं नाही. मध्य-महासागरी पर्वतरांगांखाली साधारण १३५० अंशांचा खडक वर सरकतो, दाब उतरतो, वितळणबिंदू खाली येतो आणि खडकाचा दहा टक्क्यांच्या आसपास भाग वितळतो. भूपट्ट खाली घुसतो तिथे वेगळी तऱ्हा: सुमारे १०० किमी खोलीवर पट्टातलं पाणी वरच्या खडकात शिरतं आणि वितळणबिंदू काहीशे अंशांनी घसरतो.

प्रावरणात दोन पायऱ्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ४१० किमीवर ऑलिव्हीनचं, म्हणजे वरच्या प्रावरणातल्या मुख्य खनिजाचं, वॅडस्लेआइट होतं. ६६० किमीवर रिंगवूडाइट मोडून ब्रिजमनाइट आणि फेरोपेरिक्लेज तयार होतात. मूलद्रव्यं तीच, दाबाखाली अणूंची रचना घट्ट होते. ब्राझीलमधल्या जुइना इथल्या एका हिऱ्यात अडकलेला रिंगवूडाइटचा कण २०१४ मध्ये जाहीर झाला, त्यात वजनाच्या एक टक्क्याच्या वर पाणी होतं. हे पाणी डबक्यासारखं साठलेलं नसतं, ते स्फटिकाच्या जाळीत हायड्रॉक्सिल म्हणून बसलेलं असतं. 'भूगर्भात महासागर' अशा मथळ्यांनी हा फरक पार पुसून टाकला.

ब्रिजमनाइट हे नाव लक्षात ठेवा. हवेच्या प्रश्नात तेच मधे येणार आहे.

रसायनी

हवेकडे वळतो, म्हणजे मिलरच्या प्रयोगाकडे. त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, मांडणी क्वचितच कोणी नीट सांगतं.

ओपारिनने १९२४ मध्ये आणि हाल्डेनने १९२९ मध्ये ऑक्सिजनविरहित हवेत सेंद्रिय रेणू साठत गेले असतील अशी कल्पना मांडली होती. हॅरॉल्ड युरी यांच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली मिलरने ती तपासली, निबंध १९५३ मध्ये आला. खालच्या अर्ध्या लीटरच्या चंबूत २०० मिलिलीटर पाणी, वरचा चंबू ५ लीटरचा, त्यात टंगस्टनचे विद्युतअग्र. आतली हवा पूर्ण काढून घ्यायची आणि मग मिथेन २० सेंटिमीटर पारा, अमोनिया २० आणि हायड्रोजन १० एवढ्या दाबाने भरायचे. पाणी उकळतं, वाफ वर जाते, ठिणगीतून पुढे सरकते, थंडकातून उतरते आणि खालच्या यू आकाराच्या नळीतून परत चंबूत येते. ती यू नळी महत्त्वाची: वाफेला उलट शिरू देत नाही आणि तयार झालेले अनुद्वायी (वाफ होऊन न उडणारे) पदार्थ ठिणगीपासून लांब ठेवते. ते पुन्हा ठिणगीत गेले तर मोडून जातील.

पहिल्याच दिवसात पाणी गुलाबी होतं, आठवड्यात गडद लाल. ग्लायसिन, अल्फा-अ‍ॅलनिन आणि बीटा-अ‍ॅलनिन ही अमिनो आम्लं (प्रथिनं ज्या जातीच्या रेणूंची बनतात ते) कागदी वर्णलेखनात पक्के ओळखता आले. घातलेल्या कार्बनपैकी सुमारे २ टक्के एकट्या ग्लायसिनमध्ये गेला. अमिनो आम्लं थेट ठिणगीत बनत नाहीत. ठिणगीत हायड्रोजन सायनाइड आणि अल्डिहाइड बनतात, ते पाण्यात अमोनियाशी मिळून अमिनोनायट्राइल होतं आणि त्याचं जलापघटन होऊन अमिनो आम्ल. ही स्ट्रेकर अभिक्रिया. २००८ मध्ये मिलरच्या जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या आधुनिक उपकरणांनी तपासल्या, तेव्हा वाफेचा झोत ठिणगीवर सोडलेल्या मांडणीत २२ अमिनो आम्लं मिळाली.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. एक, हवा नीट काढली नाही तर मिथेन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि ठिणगी एकत्र येतात. हा स्फोटाचा मसाला आहे, घरी हा प्रयोग अजिबात करू नये. दोन, जंतूंची भेसळ. त्यासाठी मिलरने शेवटी द्रवात मर्क्युरिक क्लोराइड घातलं, आणि वेगळ्या फेरीत बंद उपकरण ठिणगीच्या आधी १३० अंशांवर १८ तास निर्जंतुक करूनही तेच पदार्थ मिळवले. तीन, काच. अल्कधर्मी उकळतं पाणी काचेतली सिलिका सोडवतं. २०२१ मध्ये टेफ्लॉनच्या भांड्यात तोच प्रयोग केला तेव्हा पदार्थांची संख्या आणि प्रमाण दोन्ही घटले. म्हणजे खनिजाचा पृष्ठभाग कामाला हातभार लावतो.

चौथी अडचण सर्वांत मोठी: अशी हवा मुळात होती का? मिथेन आणि अमोनियाच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन घेतले की उत्पादन कोसळतं. त्यात भर म्हणजे ठिणगीत नायट्राइट बनतात आणि ते पुढे अमिनो आम्लांचाच नाश करतात. आम्लता रोखणारं चुनखडीसारखं खनिज आणि ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ घातला तर उत्पादन पुष्कळसं परत येतं, हेही २००८ मध्येच दाखवलं गेलं. तरी मूळ कृतीइतकं सढळ नाही.

अभ्रक

@रसायनी, फार नेमका प्रतिसाद. चौथ्या अडचणीचं उत्तर प्रावरणात आहे.

ज्वालामुखीतून कोणता वायू येईल हे शिलारसातलं लोखंड कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरतं. खडकात धातुरूप लोखंड असेल तर ते ऑक्सिजन ओढून घेतं, आणि बाहेर हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन येतात. धातू नसेल, लोखंड ऑक्साइडरूपात असेल, तर वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. पहिल्या काही कोटी वर्षांतच धातूचे थेंब वितळलेल्या प्रावरणातून ओघळत गाभ्यात गेले. हे हाफ्नियम-१८२ वरून कळतं. त्याचा अर्धायुकाल ८९ लाख वर्षं, आणि ते टंगस्टनमध्ये बदलतं. टंगस्टनला लोखंड आवडतं, हाफ्नियमला खडक. गाभा कधी वेगळा झाला याची खूण त्यामुळे खडकातल्या टंगस्टनच्या समस्थानिकांत राहून जाते.

लोखंड गेलं म्हणजे वरचा खडक आपोआप आजच्याइतका ऑक्सिडीकृत होतो असं मात्र नाही. धातूच्या सहवासात राहिलेला खडक बराच क्षपित, म्हणजे ऑक्सिडीकृतच्या उलट, असायला हवा. इथे ब्रिजमनाइट येतं. त्याच्या जाळीत फेरिक (जास्त ऑक्सिडीकृत) लोखंड सहज बसतं, इतकं की खालच्या प्रावरणातल्या दाबाला फेरस (कमी ऑक्सिडीकृत) लोखंड स्वतःच फुटतं: तीन फेरस अणूंचे दोन फेरिक आणि एक धातूचा अणू. तो धातू गाभ्यात बुडाला की मागे उरलेला खडक आधीपेक्षा ऑक्सिडीकृत. म्हणजे पृथ्वीएवढ्या मोठ्या ग्रहात हे काम दाबच करतो. छोट्या ग्रहात ब्रिजमनाइट स्थिर राहण्याएवढी खोलीच मिळत नाही.

पुरावा झिरकॉनचा, म्हणजे एका अतिशय टिकाऊ खनिजाच्या कणांचा. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन ४४० कोटी वर्षांपर्यंत जुने आहेत. सीरियमच्या दोन अवस्थांचं त्यांतलं प्रमाण २०११ मध्ये मोजलं गेलं आणि तेव्हाचा शिलारस जवळजवळ आजच्याइतकाच ऑक्सिडीकृत निघाला. म्हणजे जीव सुरू होण्याच्या काळात ज्वालामुखी मिलरची हवा पुरवत नव्हते.

मृद्गंध

एवढ्यावर मिलरची हवा निकालात काढू नये. गाभा बनताना सोनं, प्लॅटिनम, इरिडियम यांनी लोखंडाबरोबर खाली जायला हवं होतं. प्रावरणात ते अपेक्षेपेक्षा खूप जास्त आहेत, आणि त्यांचं परस्पर प्रमाण अशनींसारखं आहे. सरळ अर्थ असा की गाभ्याची दारं बंद झाल्यावर पृथ्वीच्या वस्तुमानाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास माल वरून पडला. त्यातले मोठे गोळे धातुरूप लोखंड घेऊन समुद्रात आदळले असतील तर लोखंड आणि वाफ मिळून प्रचंड हायड्रोजन सुटतो, आणि हवा काही काळ, लाखो वर्षंसुद्धा, मिथेन-अमोनियाकडे झुकते. मग हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि हवा पुन्हा पूर्वपदावर. रसायनशास्त्रज्ञ जॉन सदरलँड यांच्या सायनाइडपासून जीवरेणू घडवणाऱ्या रसायनाला अशी मुदतीची हवा चांगली मानवते. कायमची क्षपणकारी हवा नव्हती, हे मान्य. ठरावीक काळासाठी असू शकते.

नवशिका

अशनींतूनच अमिनो आम्लं येतात म्हणतात. मग एवढा खटाटोप कशाला?

मृद्गंध

येतात, आणि भरपूर. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसनजवळ पडलेल्या अशनीत ७० हून अधिक प्रकारची अमिनो आम्लं सापडली. (लेमानच्या भूकंपाचं मर्चिसन न्यूझीलंडमधलं, हे वेगळं.) पण जमिनीवर पडलेल्या अशनीत भेसळीची शंका राहते. म्हणून बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेले १२१.६ ग्रॅम मोलाचे. त्यांत प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि आरएनए-डीएनएची पाचही नत्रयुक्त आधारद्रव्यं मिळाली. डावी-उजवी रूपं (एकाच रेणूच्या आरशातल्या प्रतिमा) जवळजवळ समसमान होती. सजीवांच्या प्रथिनांत अमिनो आम्लं डावीच असतात, तर ही निवड अवकाशातून तयार होऊन आली हे म्हणणं या नमुन्यामुळे कमकुवत झालं.

विटांचा ढीग आला म्हणून भिंत उभी राहत नाही. रेणूंची सांधणी, सतत ऊर्जा आणि एका जागी साठवण, हे पृथ्वीवरच व्हायला लागतं. आणि जीवच बाहेरून आला म्हटलं, तर उगमाचा प्रश्न दुसऱ्या ग्रहावर नेऊन ठेवला एवढंच होतं.

रसायनी

सांधणीबद्दल. आरएनए आधी आलं हा विचार प्रबळ आहे, कारण आरएनए माहितीही साठवतं आणि उत्प्रेरकाचंही काम करतं. चेक आणि ऑल्टमन यांना त्यासाठी १९८९ चं नोबेल मिळालं. आपल्या प्रत्येक पेशीतल्या रायबोसोममध्ये प्रथिनांचा बंध जोडणारा भाग आजही आरएनएचाच आहे. हा मला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो.

अडचण साखरेची. आरएनएमधली साखर, रायबोज, १०० अंशांवर, उदासीन पाण्यात, ७३ मिनिटांत निम्मं उरतं. एका दिवसात असे जवळजवळ वीस अर्धायुकाल होतात, म्हणजे साडेआठ लाख रेणूंतला एखादा वाचतो. शून्य अंशांवर मात्र तोच अर्धायुकाल ४४ वर्षं. बोरेट खनिज रायबोजला पकडून ठेवतं हे २००४ मध्ये दिसलं, पण बोरेट साठायला आटणारं पाणी हवं, म्हणजे उघडी जमीन हवी. २००९ मध्ये सदरलँड यांच्या गटाने साखर आणि आधारद्रव्य वेगवेगळे बनवून जोडण्याचा नाद सोडला आणि दोन्ही एकाच मध्यस्थ रेणूतून घडवले. फॉस्फेट सुरुवातीपासूनच हजर ठेवलं आणि शेवटी नको ते पदार्थ अतिनील प्रकाशाने हटवले. हा प्रकाशही समुद्रतळावर नसतो.

खोलपाणी

समुद्रतळाची बाजू मी मांडतो. तिथे प्रकाश लागत नाही, कारण ऊर्जा प्रावरणाच्या खडकातून येते.

१९७७ मध्ये गालापागोसजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर उष्ण विवरं सापडली. दोन वर्षांनी काळी धुरांडी दिसली: ३५० अंशांच्या वरचं, आम्लधर्मी पाणी. जीवोत्पत्तीसाठी ती फार गरम. २००० च्या डिसेंबरमध्ये अटलांटिकमध्ये सापडलेली 'लॉस्ट सिटी' वेगळ्या जातीची आहे. ती पर्वतरांगेच्या अक्षापासून सुमारे १५ किमी बाजूला आहे, पाणी ४० ते ९० अंश, सामू म्हणजे पीएच ९ ते ११, आणि कार्बोनेटची धुरांडी ६० मीटरपर्यंत उंच. ती किमान ३०,००० वर्षं चालू आहेत. जीवाला वेळ लागतो, काळं धुरांडं काही दशकांत विझू शकतं.

इथे चूल शिलारसाची नाही. प्रावरणातलं ऑलिव्हीन पाण्याला भेटतं, त्याचं सर्पंटाइन होतं, फेरस लोखंडाचं मॅग्नेटाइट होतं आणि पाण्यातला हायड्रोजन सुटा होतो. अभिक्रिया उष्णता सोडते. खडक फुगतो, त्याला नवे तडे जातात, आणि त्यांतून पाणी आणखी आत शिरतं. विवराच्या पाण्यात किलोमागे १५ मिलिमोलपर्यंत हायड्रोजन मोजला आहे.

आता हिशेब बघा. आतलं पाणी सामू १० चं, तेव्हाचा समुद्र कार्बन डायऑक्साइडमुळे ६ च्या आसपास. सामूतला एक अंश म्हणजे २५ अंश सेल्सिअसला ५९ मिलिव्होल्ट. तीन अंशांचा फरक धरला तरी १७७. आजच्या पेशी आपल्या पटलावर (आवरणाच्या दोन बाजूंत) साधारण १५० ते २०० मिलिव्होल्ट सांभाळतात, आणि जवळजवळ सगळी सजीवसृष्टी याच प्रोटॉनच्या उतारावर चालते. जीव अशा विवरांत सुरू झाला ही मायकेल रसेल आणि विल्यम मार्टिन या संशोधकांची मांडणी इथून सुरू होते.

सामूचा फरक का लागतो? हायड्रोजनला इलेक्ट्रॉन सोडणं अल्कधर्मी पाण्यात सोपं जातं, कार्बन डायऑक्साइडला ते घेणं आम्लधर्मी पाण्यात. एकाच पाण्यात दोघांचं जमत नाही. मधे लोह-निकेल सल्फाइडची पातळ भिंत ठेवली की इलेक्ट्रॉन भिंतीतून जातात. २०२० मध्ये असा प्रयोग होऊन फॉर्मेट मिळालं, आणि सामूचा फरक काढून टाकल्यावर मिळालं नाही. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने मॅग्नेटाइट, ग्रेगाइट आणि अवारुआइट या खनिजांवर १०० अंशांना हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून एका रात्रीत फॉर्मेट, अ‍ॅसिटेट आणि पायरुव्हेट मिळवले. पेशीच्या चयापचयातले हेच मधले रेणू.

मृद्गंध

@खोलपाणी, पायरुव्हेटपर्यंत सहमत. पुढे तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिली अडचण पाण्याची. अमिनो आम्लांचा किंवा न्यूक्लिओटाइडचा (आरएनएच्या घटकाचा) प्रत्येक बंध जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर टाकावा लागतो. अथांग पाण्यात हे चढावर ढकलण्यासारखं आहे. उष्ण झऱ्याच्या काठचं डबकं दिवसाला भरतं आणि सुकतं, त्या सुकण्यातच सांधा जुळतो.

दुसरी क्षारांची. मेदाम्लांची साधी पटलं समुद्रातल्या सोडियमने आणि त्याहून जास्त कॅल्शियम-मॅग्नेशियमने मोडतात. गोड्या पाण्यात ती टिकतात. तिसरी पोटॅशियमची. प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशियम सोडियमपेक्षा कितीतरी जास्त असतं, समुद्रात उलट. पोटॅशियमने समृद्ध पाणी वाफाळ भूऔष्णिक क्षेत्रांत मिळतं.

खोलपाणी

दुसऱ्या मुद्द्यावर २०१९ चा प्रयोग पाहा. एकाच लांबीच्या मेदाम्लाऐवजी १० ते १५ कार्बनच्या आम्लांचं आणि अल्कोहोलांचं मिश्रण घेतलं तेव्हा समुद्राइतक्या खारट, अल्कधर्मी, ७० अंशांच्या पाण्यातही पुटिका (पटलाच्या इवल्या पिशव्या) टिकल्या. एकच शुद्ध मेदाम्ल घेऊन केलेले जुने प्रयोग त्यामुळेच फसत होते. निसर्गात शुद्ध पदार्थ मिळतच नाहीत.

पहिला मुद्दा मात्र खरा आहे. सांधणीसाठी अ‍ॅसिटाइल फॉस्फेटसारखा ऊर्जाधारी रेणू सतत बनत राहायला हवा. भिंतीची जाडी हा आमच्याच बाजूचा आणखी एक कच्चा दुवा: पेशीपटल पाच-सहा नॅनोमीटर जाड, धुरांड्यांच्या भिंती मायक्रोमीटर ते सेंटिमीटर. उतार तोच असला तरी एवढ्या जाडीत पसरला तर त्यावर सूक्ष्म यंत्र चालत नाही.

रसायनी

क्षारांबद्दल एक जोड. आरएनएला उत्प्रेरक व्हायला मॅग्नेशियम लागतं, आणि तेच मॅग्नेशियम मेदाम्लाचं पटल फोडतं. २०१३ मध्ये यावर सायट्रेटचा तोडगा निघाला: सायट्रेट मॅग्नेशियमला अर्धवट धरून ठेवतं, पटलही वाचतं आणि आरएनएची प्रतही बनते. एवढं सायट्रेट तेव्हा कुठून येणार, हा प्रश्न शिल्लक आहे.

फॉस्फरसही असाच अडून बसतो. तो ज्या खनिजात असतो ते अ‍ॅपेटाइट पाण्यात सहज विरघळत नाही. कॅल्शियम बाहेर पडलेल्या सोडा-सरोवरांत फॉस्फेट भरपूर साठतं, किंवा लोह-अशनींतलं श्रायबरसाइट हे फॉस्फरसयुक्त खनिज पाण्यात झिजून क्रियाशील फॉस्फरस देतं.

ऑलिव्हीन

काळाची चौकट द्यायची राहिली. जॅक हिल्सच्या सर्वांत जुन्या झिरकॉनमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून द्रव पाणी फार लवकर, ४३० कोटी वर्षांपूर्वीच्याही आधी असल्याचं दिसतं. सर्व सजीवांच्या समाईक पूर्वजाचं वय २०२४ च्या जनुकीय अभ्यासात सुमारे ४२० कोटी वर्षं आलं. त्यावर पुष्कळांचा विश्वास नाही, कारण रेणूंचं घड्याळ लावायला इतके जुने जीवाश्म हाती नाहीत. खडकांत भक्कम पुरावा ३४८ कोटी वर्षांचा: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारातले ड्रेसर स्तर. तिथे २०१७ मध्ये गायसराइटही ओळखलं गेलं, म्हणजे जमिनीवरच्या उष्ण झऱ्याचा गाळ. मृद्गंध यांच्या बाजूला ते वजन देतं, पण जीव तिथे राहत होता यावरून तो तिथेच जन्मला असं होत नाही. ग्रीनलंडच्या इसुआतले ३७० कोटी वर्षांचे स्ट्रोमॅटोलाइट (सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडवलेले खडक) २०१६ मध्ये जाहीर झाले, आणि दोनच वर्षांत ते खडक दाबाखाली मुरडल्याने आलेले आकार आहेत असा आक्षेप आला. उद्धृत करताना आक्षेपासकट करावं.

नवशिका

चुंबकीय क्षेत्र जीवाच्या सुरुवातीला आवश्यक होतं का?

भूकंपलेखी

खडकांतला खात्रीचा पुरावा ३४० ते ३५० कोटी वर्षांपर्यंत मागे जातो, त्यापूर्वीच्या झिरकॉनच्या मोजमापांवर वाद आहे. एक गोष्ट नक्की: अंतर्गाभा पृथ्वीइतका जुना नाही. तो गोठताना हलकी मूलद्रव्यं बाह्यगाभ्यात सुटतात आणि आज त्यावर क्षेत्र चालतं. तो नव्हता तेव्हा गाभा नुसता थंड होण्यातून हलत होता. समुद्रतळावर किंवा खडकाच्या भेगेत सुरू झालेल्या जीवाला वरच्या पाण्याचा आणि खडकाचा आडोसा पुरेसा असतो. क्षेत्राचा उपयोग हवा आणि पाणी टिकवण्यात किती, त्यावर अजून मतं विभागलेली आहेत.

खोलपाणी

शेवटी खडकातल्या ऊर्जेबद्दल एक भर, कारण हायड्रोजन फक्त ऑलिव्हीनमधून येत नाही. पृथ्वीतून बाहेर पडणारी उष्णता सुमारे ४७ टेरावॉट, आणि तिच्यातला निम्म्याच्या आसपास भाग युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० च्या क्षयाचा. हाच क्षय खडकाच्या भेगेतलं पाणी फोडून हायड्रोजन तयार करतो. दक्षिण आफ्रिकेतल्या एम्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किमी खोलीवर एक जीवाणू सापडला, २००८ मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच आला. तो हा हायड्रोजन आणि सल्फेट यांवर जगतो, सूर्याशी थेट देणंघेणं नाही.

किती खोलपर्यंत जीव असू शकतो याचा अंदाज असा करावा. प्रयोगशाळेत वाढ दिसलेलं सर्वोच्च तापमान १२२ अंश, मिथॅनोपायरस या सूक्ष्मजीवाचं. खंडांवर तापमान किलोमीटरला साधारण २५ अंशांनी वाढतं. पृष्ठभागावर २० अंश धरले तर १०२ भागिले २५, म्हणजे चार किलोमीटरच्या थोडं पुढे हद्द येते. जपानजवळच्या नानकाई गर्तेत समुद्रतळ तापलेला आहे आणि वाढ किलोमीटरला १०० अंशांच्या आसपास. तिथे १२० अंश तापमान १.२ किमीवरच लागतं, आणि २०२० मध्ये तिथल्या गाळात पेशी मिळाल्या, घनसेंटिमीटरमागे अगदी मोजक्या.